आधी बघू द्या, मग कापा

अन्याय झाला तो आमच्या गावातल्या झेरॉक्सवाल्या मावशींवर. कधी झाला, तेही लिहिते: गेल्या चंपाषष्ठीला, सकाळी दहाच्या सुमारास, ग्रामपंचायतीच्या नव्या दालनात, माइक चालू असताना, सगळ्या गावासमोर. मोघम लिहायची मला सवय नाही. ‘काही तांत्रिक कारणास्तव’, ‘अनवधानाने’ असली वाक्यं तुम्ही समितीच्या पत्रकात वाचलीच असतील. त्या पत्रकाला हे उत्तर समजा, नाहीतर एका बाईची आठवण समजा. मला दोन्ही चालतं.

गावाचं नाव लिहीत नाही. तेरच्या पुढं, तेरणेच्या काठाला, एवढं पुरे. नाव लिहिलं की शेजारच्या गावातली माणसं सुटल्यासारखी होतात, की बरं झालं, आपल्याकडं असलं काही नाही.

मावशी काचेवरच्या माणसांशी बोलायच्या. तुम्ही त्यांच्या खोलीत आधारकार्डाची झेरॉक्स काढायला गेला असाल तर ऐकलं असेल. स्कॅनरचं झाकण उघडायचं, काचेवर फुंकर मारायची, पदराच्या टोकानं ती पुसायची आणि जुने फोटो पालथे मांडायचे. चार फोटो एका वेळी बसत. दोन फोटोंत बोटभर जागा सोडावी लागते, नाहीतर कॉम्प्युटर दोघांना एकच फोटो समजतो. ती जागा करताना मावशींचं चालू असायचं, “ओ दाजी, सरका की जरा. परक्या बाईच्या अंगावर बसलाय निस्ते.” मग दुसऱ्या फोटोला, “आजी, तुमी न्हाय ओ. तुमी बसा निवांत.” बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन चुलतभावांचे फोटो एकदा शेजारी आले. मावशींनी एकाला उचलून पार दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. म्हणाल्या, “न्हाय बाबा, काचेवर भांडत्याल. काच महाग हाय.”

माझी पत्रकं त्यांच्याकडंच निघायची. टँकरचं पत्रक, स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीचं पत्रक, शाळेच्या गळक्या छताचं पत्रक. मी दारात दिसले की त्या म्हणायच्या, “या पुढारीणबाई. आज कुणाचं वाटोळं करायलीस?” कागद मशीनवर ठेवायच्या आधी पूर्ण वाचायच्या आणि शेरा मारायच्या. “उद्गारचिन्हं लई झाली. एवढं वरडलं की माणूस कानात बोटं घालतंय.” मी निम्मी उडवायचे. उरलेल्या निम्म्यांवर त्या पुन्हा बोट ठेवायच्या.

पूर्वी त्या तुळजापुरात होत्या. देवळाच्या वाटेवर नवऱ्याचा स्टुडिओ होता. लग्न झालं की जोडी देवीच्या दर्शनाला येते आणि दर्शन झालं की फोटोला उभी राहते. नवरा कॅमेऱ्यामागं आणि मावशी पुढं, नवरीचा पदर सारखा करायला. “नवरदेव, हसा की. आता रडून काय उपेग.” मग हातोहाती मोबाइल आले, स्टुडिओ बसला, पुढं नवराही गेला. मावशी माहेरच्या गावी आल्या आणि स्टँडमागच्या एका खोलीत झेरॉक्सचं मशीन, एक जुना कॉम्प्युटर आणि हा स्कॅनर मांडून बसल्या.

त्यांना देवमाणूस करायचा माझा विचार नाही. मावशी भांडखोर होत्या. खवचट होत्या. सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाइकाचा बाप काढायच्या. आणि चुकायच्यासुद्धा. एकदा त्यांनी दोन घरांच्या आजोबांची अदलाबदल केली. मोठे करून, काचेत घालून दिले, आणि अख्खा पितृपंधरवडा दोन घरांनी एकमेकांच्या आज्याला नैवेद्य दाखवला. दोघांचाही फेटा सारखा, मिशी सारखी, फोटो धुरकट. एका सुनेला शंका आली तेव्हा उलगडलं. घरचे तावातावानं आले तर मावशी म्हणतात कशा, “जेवला तर हाय ना आज्या? उपाशी तर न्हाय राह्यला?” पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. तेव्हापासून एक गोष्ट त्यांनी धरली ती धरली. फोटोला हात लावायच्या आधी घरातल्या माणसाला समोर बसवायचं, पडद्यावर दाखवायचं आणि विचारायचं, “ह्योच ना? नीट बघा. आधी बघू द्या, मग कापा, असं म्हणा मला.” आणि लोकांकडून ते म्हणवून घ्यायच्या. लोक हसत, पण म्हणत.

आता दालनाकडं येते.

ग्रामपंचायतीनं ठरवलं की गावाच्या जुन्या फोटोंचं एक दालन करायचं. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर एकामागून एक गावातल्या घरांचे फोटो. कल्पना वाईट नव्हती, मी पहिल्या दिवसापासून बाजूनं होते. समिती झाली. अध्यक्ष झाले. अध्यक्षांना तुम्ही ओळखता, बोलताना मध्येच घड्याळाकडं बघतात. फोटो गोळा करायचं आणि स्कॅन करायचं काम मावशींना दिलं, कारण दुसरं कोण करणार? आणि लक्षात घ्या, तुम्ही फोटो समितीला दिले नाहीत. समितीनं दवंडी दिली तेव्हा एकही फोटो आला नव्हता. मावशी पिशवी घेऊन दारोदार फिरल्या, ओट्यावर बसल्या, चहा प्यायल्या, तेव्हा तुम्ही ट्रंका उघडल्या.

त्यात पिठाच्या गिरणीचे नाना होते. नानांनी फोटो आणला तो प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, वर पंचा बांधून. त्यांच्या लग्नाचा फोटो. नाना मधे खुर्चीवर, बाजूला नवरी, मागं भाऊ-भावजया. आणि नानांच्या मांडीवर त्यांच्या वडलांची तसबीर.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडं घरात कार्य असलं की गेलेल्या माणसाला वगळून फोटो काढत नाहीत. भिंतीवरची तसबीर उतरवतात, पुसतात, त्या दिवसापुरता हार काढून ठेवतात आणि कुणाच्या तरी मांडीवर देतात. बाप गेला असला तर थोरल्याच्या मांडीवर. आई गेली असली तर नवरीच्या. गावातल्या निम्म्या लग्नांच्या फोटोंत अशी फोटोतली चौकट आहे. तुमच्याही घरात असेल.

मावशींनी नानांचा फोटो हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. “कारभारीण देखणी हुती की ओ, नाना.”

“लाजायची लई,” नाना म्हणाले. “फोटोवाला वरडला तवा कुठं मान वर केली. मग म्हणली, आता झालं का समाधान.”

नानांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. तिचा हा एकच फोटो. नानांनी दुसरं लग्न केलं नाही, गिरणी केली. ते मावशींना म्हणाले, “टीव्हीवर काय दावायचं ते दावा, बाई. मला फकस्त हिचा एकटीचा मोठा करून द्या. इतका.” आणि दोन हातांनी हवेत चौकोन केला, चांगला खिडकीएवढा. मावशी म्हणाल्या, “देते. म्या सोता काढून देते. पर नाना, म्हणा.” नाना हसले. “आधी बघू द्या, मग कापा.” मावशींनी तो फोटो काचेवर एकटाच ठेवला. बाकी तिघांना जागा असूनही.

स्कॅन करणं सोपं होतं. जीव काढला तो पुढच्या कामानं. एकेका पानावर चार-चार फोटो आलेले, तिरके, कडेला रिकामी जागा. प्रत्येकाला माउसनं चौकट आखून वेगळं कापायचं, सरळ करायचं, जपून ठेवायचं. मावशींचं मनगट सुजलं. हळद-चुन्याचा लेप लावून त्या माउस धरायच्या आणि माउस पिवळा व्हायचा. तेव्हा मी म्हटलं, मावशी, हे काम आपोआप करणारं सॉफ्टवेअर मिळतं. शेकडो फोटो एकदम दिले की ते आपणच कडा ओळखतं आणि कापतं.

मग आम्ही परवडणारं सॉफ्टवेअर शोधायला बसलो. लग्नाला स्थळं बघावीत तशी आम्ही ती बघितली.

पहिलं नामी निघालं. सुरेख कापलं. पण प्रत्येक फोटोवर आडवं, चेहऱ्यावरूनच, कंपनीचं नाव आणि ‘ट्रायल’ असं इंग्रजीत छापून आलं. मावशींनी चष्मा वर केला. “आज्या ट्रायलवर हाय व्हय? पसंत न्हाय पडला तर परत घेत्यात का?” पुसायचं म्हटलं तर किंमत डॉलरमध्ये आणि तीही दरवर्षी. दुसरी कंपनी पहिला महिना फुकट देत होती, पण आधी कार्ड मागत होती. मावशी म्हणाल्या, “रेशनचं चालतंय का इचार.” तिसरं खरंच फुकट होतं. त्यानं आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांचे फेटे उडवले. स्कॅनरचं झाकण आतून पांढरं, फोटोची कड पांढरी, फेटा पांढरा, मागं चुन्याची भिंत पांढरी. त्या बिचाऱ्याला कळेना, रिकामी जागा कुठं संपते आणि माणूस कुठं सुरू होतो. भुवयांपासून खाली सगळे शाबूत. मावशी भडकल्या. “ह्याच्या बापानं कधी फेटा बघितला न्हाय वाटतं.” त्यावर तोडगा त्यांनीच काढला. मोडक्या छत्रीचं काळं कापड सोडवलं आणि झाकणाच्या आतून चिकटवलं. आता फोटोच्या कडा काळ्यावर उठून दिसायला लागल्या.

शेवटी एक छोटंसं सापडलं. कुणीतरी एकट्या माणसानं केलेलं, एकदाच विकत घ्यायचं, पुन्हा दरवर्षी नाही. त्यात एक खुबी होती. कापायच्या आधी ते प्रत्येक फोटोभोवती लाल रेघ आखून दाखवायचं. चुकली असली तर माउसनं ओढून नीट करा आणि मगच कापा. आम्ही नानांचा फोटो त्यात घातला. लाल रेघ आली ती बरोबर मांडीवरच्या तसबिरीभोवती. तसबिरीची चौकट काळीभोर, ठसठशीत. बाहेरचा फोटो फिक्कट. त्याला वाटलं, हाच फोटो. मावशी गारठल्या. “बघितलंस? आख्खं लगीन सोडून दिलं की गं ह्यानं.” मग त्यांनी रेघ ओढली, हळूहळू, नाना आत घेतले, नवरी आत घेतली, भाऊ आत घेतले. ‘कापा’ मात्र दाबलं नाही. ते चार दिवस फुकट वापरून बघायला मिळालं होतं, पण विकत घेतल्याशिवाय कापलेलं जपून ठेवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. तुम्ही होता तिथं. पारावर, उघड्यावर झाली, येणारे-जाणारे सगळे थांबले होते. मावशींनी सॉफ्टवेअरची किंमत सांगितली. त्याच बैठकीत उद्घाटनाच्या साउंड सिस्टीमची किंमत पास झाली होती, ती मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. “मावशी, फुकटात मिळतंय ते विकत कशाला? आमच्या जावईबापूंकडं आहे. पुण्याला त्याच लायनीत आहेत. दिवाळीला यायलेत. सगळे फोटो एका झटक्यात.”

मावशी उभ्या राहिल्या. “अध्यक्षसाहेब, झटक्यात नगं. फोटोत फोटो हायेत आपल्याकडं. मशीन फसतंय. एकेक बघावं लागतंय.”

“बघत बसलात तर पुढची चंपाषष्ठी उजाडंल.”

“उजाडू द्या. आधी बघू द्या, मग कापा.”

आणि पारावर हशा पिकला. तुम्हीही हसलात. कुणीतरी मागून म्हणालं, “मावशी, म्हणा म्हणा, आमी पन म्हणतो.” बाईचं बोलणं चेष्टेवारी न्यायला आपल्याला किती कमी वेळ लागतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी बोलायला उठले तर अध्यक्ष म्हणाले, तुमचं पत्रक वाचू आम्ही. पुन्हा हशा.

दिवाळीला जावईबापू आले. मावशींच्या जुन्या कॉम्प्युटरात जागा नव्हती, म्हणून सगळे स्कॅन समितीच्या डिस्कवरच साठवलेले होते; ती डिस्क त्यांनी मावशींच्या खोलीतून मागवून घेतली. त्यांचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. पेनड्राइव्हवर घेऊन फिरतात तसलं. पाडव्याच्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी सगळी पानं त्यात ओतली, बटण दाबलं आणि आडवे झाले. उठले तेव्हा काम संपलं होतं. डिस्कवर जागा कमी होती म्हणून मूळची मोठी पानं त्यांनी पुसून टाकली. ही माहिती माझ्याकडं कुणी फोडलेली नाही. जावईबापूंनी स्वतः सांगितली, कौतुकानं, भाऊबिजेच्या दिवशी, चार माणसांत. त्यात वावगं काही घडलंय असं त्यांना अजूनही वाटत नाही.

तरी अजून बिघडलं नव्हतं. डिस्कवरचं गेलं तरी कागदावरचं होतं. तुमचे फोटो ग्रामपंचायतीच्या कपाटात होते. पुन्हा काचेवर ठेवले असते, पुन्हा काढले असते. मावशींनी ते घरोघर परत द्यायची घाई लावली होती आणि समिती म्हणत होती, कार्यक्रमात सन्मानानं देऊ.

मग आली कार्तिकी पौर्णिमा. मी त्या दिवशी धाराशिवला, कलेक्टर ऑफिससमोर पिकविम्याच्या धरण्यावर होते. मावशी तुळजापूरला, दर्शनाला. इकडं कपाट उघडलं तर काही फोटोंना बुरशी, काहींचे तुकडे, काही वाळवीनं खाल्लेले. आता गेलेल्या माणसांचे जीर्ण फोटो कुणी उकिरड्यावर टाकत नाही. देवाच्या फुटक्या तसबिरीसारखेच ते पाण्यात सोडतात. समितीनं विचार केला की फोटो आता टीव्हीवर आहेतच. दिवस चांगला आहे. पाणी जवळ आहे. हळद-कुंकू वाहिलं. नारळ फोडला. सनई लावली, रेकॉर्डवरची. आणि कपाटातल्या फोटोंची आख्खी पेटी, चांगले आणि जीर्ण वेगळे न करता, तेरणेत सोडली. किती भक्तिभावानं! रद्दीवाल्याला दिले असते तर मी त्याच्या पाया पडून परत आणले असते. नदीच्या कुठं पाया पडू?

आणि सगळ्यांना विचारून केलं, असं समिती म्हणते. विचारलं होतं. “फोटो मोबाइलवर मिळतील, जुन्याचं काय करू?” तुम्ही म्हणालात, करा काय करायचं ते. नानांना कुणीच विचारलं नाही. गिरणीच्या आवाजात त्यांना सनई ऐकूही गेली नाही.

मावशी संध्याकाळच्या गाडीनं आल्या. स्टँडवरच बायकांनी सांगितलं, किती छान झालं विसर्जन. मावशी प्रसादाची पुडी हातात धरून उभ्या राहिल्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो हा, “कापलेलं कुणी बघितलं का आधी?” कुणाला प्रश्नच कळला नाही. त्या तशाच अध्यक्षांच्या दारी गेल्या. अध्यक्ष म्हणाले, कार्यक्रमात बघा. दुसऱ्या दिवशी गेल्या. कार्यक्रमात बघा. मीही गेले सोबत. आतून निरोप आला, साहेब झोपलेत.

चंपाषष्ठी. दालनात पताका, फुलं, भरीत-रोडग्याचा वास. नाना नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत. टीव्ही सुरू झाला. पहिले दोन-तीन फोटो ठीक आले आणि टाळ्या पडल्या. मग एक घर आलं, माणसांना कपाळंच नव्हती. मग एका बारशात नुसतं पाळण्याचं तोंड. आणि मग खाली अक्षरं आली, ‘गिरणीवाले नाना यांचा विवाह’, आणि वर नानांच्या वडलांची तसबीर. फक्त तसबीर. टोपी घातलेला एक मेलेला माणूस, चौकटीतून आपल्याकडं रोखून बघणारा. नवरी नाही, नाना नाही, खुर्ची नाही.

नाना उठले. टीव्हीजवळ गेले. त्याच्या बाजूनं, मागून हात फिरवला, जणू बाकीचे कडेला सरकले असतील. मग वळून आम्हाला विचारलं, “माझं लगीन कुठं हाय?”

लोक हसले. हे मी विसरणार नाही, आधी लोक हसले. मग ज्याच्या-त्याच्या घरचा फोटो येत गेला तसं हसणं थांबलं. बायका रडायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, मूळचे फोटो कुठायत? आणि मग सगळ्यांना एकदमच नदी आठवली.

अध्यक्षांनी माइक घेतला. घड्याळ नाही बघितलं. म्हणाले, “स्कॅनिंगचं संपूर्ण काम झेरॉक्सवाल्या मावशींकडं होतं. ही तांत्रिक चूक त्यांची आहे. समिती त्याबद्दल दिलगीर आहे. गावानं शांतता राखावी.” त्या साउंड सिस्टीमवर एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. मी पुढं घुसले, ओरडले, की मावशींनी पारावर बजावलं होतं, सगळ्यांनी ऐकलंय. माझ्या हातात माइक यायच्या आधी तो बंद झाला. एक बाई मावशींच्या अंगावर धावून गेली, “आमच्या आईला बुडवलंस तू.”

मावशींनी अध्यक्षांकडं बघितलंसुद्धा नाही. एरवी सुट्ट्यांवरून बाप काढणारी ही बाई. गर्दीतून वाट काढत त्या नानांपाशी गेल्या. “नाना, म्या न्हाय कापला.”

नाना जन्मात कधी मावशींना एकेरी बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, “तुझ्या हातात दिला व्हता म्या.”

एवढंच. मावशी डोक्यावरचा पदर पुढं ओढून निघून गेल्या. चार दिवसांनी खोलीला कुलूप. लेक सोलापूरला असते, तिच्याकडं गेल्या. मशीनं तशीच आत आहेत. स्टँडमागून गेलात तर खिडकीतून दिसतात.

समितीचं पत्रक आलं आणि ‘तांत्रिक कारणास्तव’ प्रकरण मिटलं. टीव्ही आता क्रिकेटला लागतो.

मी नानांकडं गेले. गिरणी बंद करायला लावली, कारण हे मोठ्यानं ओरडून सांगायचं नव्हतं. पाडवा, जावईबापू, पारावरची बैठक, काळ्या छत्रीचं कापड, लाल रेघ, सगळं सांगितलं. मावशींनी रेघ ओढून त्यांच्या बायकोला कसं आत घेतलं होतं, तेही. नाना पिठानं भरलेल्या हातांकडं बघत बसले. मग म्हणाले, “म्हंजी तिनं नवरीला नीट बघितलं हुतं.”

“हो नाना. खूप वेळ बघत होत्या.”

“मग तिला आठवत असंल.” आणि मग, अगदी हळू, “मला आता धड आठवंना झालंय, पोरी. फोटो हुता तवा डोळं मिटलं तरी दिसायची. आता फोटोवाल्याचं वरडणं आठवतंय, तिचं बोलणं आठवतंय. तोंड येत न्हाय. मावशीला इचारशील का, कशी दिसायची?”

मी तिथूनच फोन लावला. मावशींनी उचलला. पलीकडं नातवंडांचा गोंधळ. मी म्हटलं, नाना विचारतायत.

“तसबिरीच्या बाजूला बसलेली ना? कोपरापातूर चुडा?” त्या लगेच म्हणाल्या, आणि थांबल्या. मला वाटलं आता सांगतील. “न्हाय. फोनवर न्हाय सांगायची.”

“मावशी, मग गावाकडं या.”

“म्या येत न्हाय. माइकवर मला चोर केलं, सगळ्यांनी बसून ऐकलं. ज्यांनी ऐकलं त्यांनी यावं, म्या कापलं न्हाय म्हणावं माझ्या लेकीच्या दारात, शेजारपाजार ऐकंल असं. नानांना घेऊन या. म्या सांगते, भुवईपासून हनुवटीपातूर सगळं सांगते.” मग म्हणाल्या, “आन लवकर या. म्या काय जवान न्हाय. माझ्या पन डोळ्याम्होरनं चाललीय ती.”

म्हणून हे लिहिलं. नानांच्या बायकोचा चेहरा आता जगात एकाच ठिकाणी उरलाय, सोलापुरातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात, आणि तोही फिका पडायला लागलाय. तुम्ही पारावर होता. मावशींनी काय बजावलं ते तुम्ही ऐकलंत. चंपाषष्ठीला दालनात होता. अध्यक्ष खोटं बोलले तेही ऐकलंत. तुम्ही वाईट माणसं नाही, हे मला कुणी समजावून सांगू नका. ते पत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अजून आहे. आज जाऊन ते काढायला लावा, आणि नाही काढलं तर स्वतः फाडा.

येत्या रविवारी सकाळी जीप गिरणीपाशी उभी राहील. नाना पुढं बसतील. मागं तुमच्यासाठी जागा ठेवलीय. या.